गाडी हाच अर्धा अँटेना

मंडळी, नमस्कार. आज समोर दोन प्रकारची माणसं बसली आहेत. काहींकडे थार, गुरखा, जिप्सी किंवा जिमनी आहे आणि तिच्यात रेडिओ बसवायचा आहे. काहींकडे हॅमचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, परवाना आणि संच आहे, आणि आता तो घेऊन डोंगरात निघायचं आहे. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो : संच कुठला घेऊ? त्या प्रश्नावर मी आज फारसा वेळ घालवणार नाही. चांगल्या कंपन्यांचे पन्नास वॅटचे व्हीएचएफ, म्हणजे जवळपासच्या अंतरासाठीचे, संच कामाला जवळपास सारखे असतात. ताम्हिणीच्या दरीतून तुमचा आवाज वर पोचतो की नाही, हे अँटेना कुठे बसवला, त्याच्याखाली किती पत्रा आहे आणि बॅटरीपासून वायर कशी आणली, यावर ठरतं.

परवान्याचं आधी उरकतो. केंद्राच्या दूरसंचार विभागात परवाने देणारी डब्ल्यूपीसी शाखा आहे, तिची परीक्षा आहे. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते आणि रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, लागत नाही. ती पास होऊन परवाना हातात येईपर्यंत १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या हॅमच्या पट्ट्यात बोलायचं नाही. ‘जंगलात कोण ऐकतंय’ म्हणून ऑनलाइन मागवलेले हँडसेट घेऊन या पट्ट्यात बोलणारे गट मला भेटतात. त्यांना मी हात जोडून सांगतो, हे बेकायदा आहे, आणि त्याच पट्ट्यात कुणीतरी अडचणीत सापडून मदत मागत असू शकतं. नुसतं पुढच्या गाडीला ‘डावीकडे खड्डा आहे’ एवढंच सांगायचं असेल, तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी शक्तीचे, परवानामुक्त आणि मान्यताप्राप्त संच मिळतात. ते घ्या.

आता अँटेना. १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण २.०७ मीटर येते. तिचा पाव भाग, म्हणजे जवळपास ५० सेंटिमीटरची काडी, हा सर्वांत साधा आणि माझ्या मते डोंगरात सर्वांत भरवशाचा अँटेना. पण ही काडी अर्धीच आहे. उरलेला अर्धा भाग तिच्याखालचा पत्रा असतो. काडीत जेवढा विद्युतप्रवाह वाहतो, तेवढाच पत्र्यातही वाहावा लागतो. म्हणून काडीच्या बुडाभोवती चारही बाजूंना निदान पन्नास सेंटिमीटर पत्रा हवा. टपाचा मधोमध भाग सर्वांत उत्तम, तो याच कारणाने. काडी बंपरवर लावलीत तर अर्ध्या बाजूला पत्रा नाही, आणि दुसऱ्या बाजूला उभी गाडीच आडवी येते. एका दिशेला छान बोलणं होतं, दुसऱ्या दिशेला काहीच जात नाही, आणि माणूस संचाला दोष देतो.

आपल्या गाड्यांची अडचण इथेच आहे. अनेकांचा टप कापडी असतो, काहींचा फायबरचा. ओळखायची खूण सोपी : लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर तो टप अँटेनाच्या दृष्टीने नाहीच. मग बॉनेटच्या कडेला क्लँप लावून काडी बसवता येते. तिथे निदान एका बाजूला भरपूर पत्रा मिळतो. किंवा खालच्या पत्र्याच्या आधाराविना चालणारा अर्ध्या तरंगलांबीचा अँटेना घ्यावा. तो साधारण मीटरभर उंच होतो, आणि कारवीच्या रानातून गाडी काढताना प्रत्येक फांदी त्याला हिसका देते. बुडाशी स्प्रिंग आणि डिकीत एक जादा काडी, एवढी तयारी हवीच.

ज्यांचा टप पत्र्याचा आहे त्यांना मी स्पष्ट सल्ला देतो : भोक पाडा. लोक नव्या गाडीला १९ मिलीमीटरचं भोक पाडायला घाबरतात, ते मी समजू शकतो. पण रबरी रिंग नीट बसली तर कोकणातल्या पावसातही थेंब आत येत नाही. चुंबकाचा माउंट शहरात ठीक आहे. दगडाधोंड्यांतून गाडी चालली की तो सरकतो, रंग खरवडतो, आणि दारातून आत घेतलेली कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, दाराच्या चिमट्यात रोज थोडी थोडी मरत जाते.

पुढचा मुद्दा शिडीवजा चासीच्या, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेल्या, गाड्यांचा. यात बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसते. मागचं दार बिजागऱ्यांवर, बॉनेट बिजागऱ्यांवर, आणि बिजागऱ्यांत रंग नाहीतर ग्रीस. डोळ्यांना गाडी एक दिसते. रेडिओ लहरींच्या दृष्टीने ते सुटे सुटे तुकडे आहेत. थार आणि गुरखाच्या मागच्या दारावर स्टेपनी असते, आणि तिच्या ब्रॅकेटवर अँटेना लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण दार आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची रुंद, आखूड पट्टी जोडूनच. जिथे पट्टी बसणार तिथला रंग पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत काढा, दातेरी वॉशर लावा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून गंज रोखा. कॅरिअरवर पावडर कोटिंग असतं, तिथेही हेच. मल्टीमीटरने शून्य ओहम दाखवलं म्हणून समाधान मानू नका. तो फक्त डीसी मोजतो. लांब, बारीक वायर डीसीला उत्तम वाट देते आणि १४५ मेगाहर्ट्झला अडवते.

व्हीएचएफला हे महत्त्वाचं आहे, एचएफला, म्हणजे खूप दूरवर जाणाऱ्या कमी मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांना, तर सगळं यावरच उभं आहे. ७.१ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साडेदहा मीटर. गाडीवर आपण अडीच मीटरची काडी लावतो आणि मध्ये कॉइल घालून तिला कशीबशी सुरात आणतो. अशा काडीचा उत्सर्जन-रोध, म्हणजे लहरी बाहेर फेकण्यात खर्च होणारा रोध, एक-दोन ओहमच्या घरात असतो, तर कॉइल आणि गाडीखालची जमीन यांत दहा-वीस ओहम जातात. म्हणजे शंभर वॅट घातले तर पाच-दहा वॅट आकाशात जाणार, बाकीची ऊब. पट्ट्या नीट बांधल्या की या तोट्यातला काही भाग वाचतो. एसडब्ल्यूआर मीटर संच आणि अँटेना यांचा मेळ किती जमला ते दाखवतो. त्याबद्दल एक सावधगिरी : पट्ट्या नसलेल्या गाडीत एसडब्ल्यूआर कधी कधी जास्त सुंदर दिसतो, कारण तोट्याचा रोध मिळून आकडा पन्नास ओहमच्या जवळ येतो. सुंदर आकडा आणि मुका अँटेना एकाच गाडीत नांदू शकतात.

आता वीज. पन्नास वॅटचा व्हीएचएफ संच बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो, शंभर वॅटचा एचएफ वीसच्या वर. लायटर सॉकेट यासाठी नाही. वायर थेट बॅटरीपासून आणायची. किती जाड, याचा हिशेब करून पाहा. बॅटरी ते संच चार मीटर धरा, जाऊन-येऊन आठ. अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलीमीटर छेदाची, तांब्याची वायर असेल तर वीस अँपिअरला त्यात सुमारे १.१ व्होल्ट पडतात. सहा स्क्वेअरमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी. इंजिन चालू असताना अल्टरनेटर चौदा व्होल्टच्या आसपास देतो, तेव्हा अडीच स्क्वेअरही चालून जाते. पण विचार करा, संच खरा केव्हा लागणार? गाडी ओढ्यात अडकली आहे, इंजिन बंद आहे, बॅटरी साडेबारावर आहे. बहुतेक संचांना १३.८ व्होल्ट, पंधरा टक्के इकडेतिकडे, लागतात. म्हणजे किमान ११.७. साडेबारातून १.१ गेले की ११.४ उरतात. नेमक्या त्या घडीला आवाज फाटतो किंवा संच बंद पडतो. म्हणून सहा स्क्वेअर.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, संचाजवळ नव्हे. वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली तर त्या ठिकाणाच्या आधीच फ्यूज असला पाहिजे, नाहीतर आग लागते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, वायर नेताना रबरी बूच घाला. ज्या गाड्यांत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, त्यांच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बहुधा सेन्सर असतो. तिथे संचाची निगेटिव्ह वायर त्या टर्मिनलला न जोडता बॅटरीची अर्थची वायर जिथे बॉडीला मिळते त्या बिंदूला जोडा. पिलरमध्ये एअरबॅग असेल तर तिच्या वाटेवरून एकही वायर नको.

गोंगाटाबद्दल. ‘आमची डिझेल आहे, स्पार्क नाही, म्हणजे आवाज नाही’ असं ऐकायला मिळतं. आजच्या कॉमन-रेल डिझेलचे इंजेक्टर विजेच्या झटक्यांवर चालतात आणि ते एचएफवर स्वच्छ ऐकू येतात. त्याहून मोठा उपद्रव आपण स्वतः बसवतो : टपावरचे एलईडी बार, स्वस्त यूएसबी चार्जर, डॅशकॅम. व्हीएचएफवर बोलणं एफएम पद्धतीने होतं, तिथे हा उपद्रव कानाला कळत नाही, दूरचा रिपीटर, म्हणजे ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारं केंद्र, नुसता ऐकू येईनासा होतो. म्हणून एखादा अगदी क्षीण सिग्नल लावून ठेवा आणि एकेक वस्तू चालू-बंद करत जा. ज्या वस्तूने तो बुडतो तिच्या वायरला फेराइटचं, म्हणजे गोंगाट अडवणारं, कडं लावा. तेवढ्यानेही भागत नसेल तर वस्तू बदला.

संच सीटखाली ठेवायची पद्धत आहे. थारची पाण्यात उतरायची मर्यादा ६५० मिलीमीटर आहे, गुरखाची ७००. त्या उंचीला फरशी ओली होणं अगदी शक्य आहे. मूळ पेटी सीटच्या पाठीमागे उंचावर बसवा आणि फक्त सुटी होणारी बटणांची पाटी डॅशबोर्डवर आणा. हवा खेळेल एवढी जागा सोडा.

इतकं केल्यावर आवाज कुठवर जाईल? व्हीएचएफ बहुतांशी नजरेच्या रेषेत चालतं. अँटेनाची मीटरमधली उंची घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. येईल ते क्षितिज किलोमीटरमध्ये. दोन मीटरवरचा अँटेना सहा किलोमीटरही पाहत नाही, म्हणजे सपाटीवर दोन गाड्या अकरा-बारा किलोमीटरपर्यंत. खालच्या मुलखापेक्षा ४०० मीटर उंच घाटमाथ्यावर उभी गाडी मात्र ८२ किलोमीटर पाहते. दरीत उतरलेल्यांना हा हिशेब वाचवतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या, आणि बाकीचे मार्ग तुटलेले असताना त्यांच्या संचावरून निरोप मुख्य भूमीला गेले. तिथे अंतर समुद्रापलीकडचं होतं, म्हणून एचएफ लागलं. आपल्या सह्याद्रीत बहुतेक वेळा एक गाडी खिंडीत थांबली की पुरतं.

म्हणून पाच गाड्या दरीत उतरणार असतील तर चारच उतरवा. पाचवी माथ्यावर, मोकळ्या जागी, संच चालू आणि चालक जागा. खालच्या गाडीचा निरोप त्याने लिहून घ्यायचा : अक्षांश-रेखांश, जखमी किती, शुद्धीवर आहेत का, स्ट्रेचर लागेल का. लिहिलेलं परत वाचून दाखवायचं आणि मगच पुढे द्यायचं. शेवटची गाडी वर येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही.