तुले कोनी सांगं?

नमस्कार श्रोतेहो.

माझं माहेर चोपडा तालुक्यातलं, तापीच्या काठचं. लहानपणी आमच्या पारावर बसणारी म्हातारी माणसं समोर येणाऱ्याला दोन प्रश्न हटकून विचारायची. अनोळखी पोरगा दिसला की, "कोना पोऱ्या शेस रे तू?" आणि त्याने काही बातमी सांगितली की, "तुले कोनी सांगं?" पहिल्या प्रश्नातून माणसाचं घर, गाव, आडनाव, सोयरीक सगळं उलगडायचं. दुसऱ्यातून बातमीचं घर कळायचं. अमक्याने सांगितलं असेल तर खरं धरा, तमक्याने सांगितलं असेल तर चार दिवस थांबा, असा त्यांचा हिशेब असायचा. त्यात कुणाचा अपमान नव्हता. गावाची तशी रीतच होती.

वडील संध्याकाळी ट्रान्झिस्टर कानाशी धरून बाजारभाव ऐकायचे. तिथेही सांगणाऱ्याचा आवाज त्यांना ओळखीचा होता. "आज आपला नेहमीचा माणूस नाही," असं ते एखाद्या दिवशी म्हणायचे, तेव्हा आम्हा पोरांना हसू यायचं. आज हसू येत नाही. आकडासुद्धा कुणाच्या तोंडून येतो याकडे त्यांचं लक्ष असायचं, हे मला आता कळतं.

आज मी एका शाळेत शिकवते. माझ्या फोनमध्ये शाळेचे तीन ग्रुप, भाऊबंदांचा एक, माहेरचा एक, महिला बचत गटाचा एक आणि शेतीचे दोन आहेत. तुमचंही यापेक्षा वेगळं नसणार. दिवसभरात शेकडो गोष्टी या खिडकीतून आत येतात, आणि त्यांतल्या किती गोष्टींना आपण "कोणी सांगितलं?" असं विचारतो, यावर मला आज तुमच्याशी बोलायचं आहे. हे बोलण्यामागे आमच्या घरचं एक नुकसान आहे, तिथूनच सुरुवात करते.

माझा भाऊ केळी करतो. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. घड हिरवा असतानाच कापावा लागतो. तो पुढे पिकतो, दिल्लीकडच्या बाजारात पोचल्यावर. बागेतच पिवळा पडला की लांबच्या बाजाराची गाडी त्याला हात लावत नाही. त्यामुळे कापणीचा दिवस ठरवणं हाच केळीवाल्याचा खरा कस. एक दिवस आधी कापला तर वजन जातं, दोन दिवस उशीर झाला तर माल जातो. त्यात भाव रोज बदलतो. नवतीचा, म्हणजे नव्या लागवडीच्या केळीचा वेगळा, पिलबागचा, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवर आलेल्या केळीचा वेगळा, वापसीचा, म्हणजे नाकारून बाजूला काढलेल्या मालाचा तर विचारूच नका. आमच्याकडे रावेर, सावदा आणि पलीकडे बऱ्हाणपूरच्या भावावर सगळ्यांचं लक्ष असतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखाचं ऊन, बाग तयार, व्यापाऱ्याशी बोलणं झालेलं, दुसऱ्या दिवशी पहाटे कापणीची टोळी येणार होती. रात्री शेतीच्या ग्रुपवर बाजारभावाच्या पाटीचा एक फोटो आला. ठरलेल्या भावापेक्षा चांगलाच वरचा आकडा होता. खाली तीस-चाळीस जणांचे अंगठे. भावाने टोळीला थांबायला सांगितलं, "दोन दिवसांनी बघू." दुसऱ्या दिवशी भाव वाढला नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी तो फोटो मोठा करून पाहिला, तर कोपऱ्यात मागच्या महिन्याची तारीख. ती पाटी खोटी नव्हती. ती जुनी होती, एवढंच. कुणी टाकली, कुठून आली, ग्रुपमधल्या अडीचशे माणसांपैकी एकालाही सांगता येईना. मी रविवारी माहेरी गेले तेव्हा वहिनी बांधावर उभी होती आणि कडेच्या दोन ओळींतले घड पिवळेधमक दिसत होते. एरवी पिवळं केळं बघून डोळ्यांना बरं वाटतं. त्या दिवशी भाऊ तिकडे पाठ करून बसला होता.

आता यावरून कुणी म्हणेल, फोनच नको. ते मला पटत नाही. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल पोचला. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने तिथे तारली पकडणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास केला आणि २००७ मध्ये तो छापून आला. फोन येण्यापूर्वी एका बंदरात मासळीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती फेकून द्यायची वेळ यायची, आणि त्याच सकाळी थोड्या अंतरावरच्या बंदरात लोकांना मासळी मिळत नसायची. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच विचारू लागले, कुठे नेऊ? फेकून देणं जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि घेणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त पडली. एकाच वेळी दोघांचंही भलं झालं. नाशवंत माल विकणाऱ्या आपल्या मुलखाने हे नीट ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. पण तिथे फोनच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस होता. आज खोटं सांगितलं तर उद्या त्याच कोळ्याशी त्याची गाठ होती. आमच्या भावाला आलेल्या फोटोच्या मागे कुणीच नव्हतं.

केळीचं नुकसान पुढच्या बागेत भरून निघतं. काही नुकसान भरून निघत नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप आणि क्लिपा व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरत होत्या. जमावाने त्या पाचही जणांना ठार मारलं.

श्रोतेहो, हे वाक्य मला आजही सरळ म्हणता येत नाही, कारण हे आपल्या खान्देशात घडलं. डवरी गोसाव्यांना आपल्या आयांनी, आज्यांनी दारात पीठ वाढलेलं आहे. त्यांच्या येण्यावरून दिवस ओळखावेत इतकी ती माणसं आपल्या सवयीची होती. त्या वर्षी देशभर फिरलेली एक क्लिप तर मूळची कराचीतली. मुलांना जपा, असं पालकांना सांगण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती बनवली होती. मोटारसायकलवरचा माणूस मूल उचलतो, पुढे जाऊन परत वळतो, मूल सोडतो आणि हातातला फलक दाखवतो. कुणीतरी शेवटचा तुकडा कापला आणि उरलेली क्लिप पाठवून दिली. परत वळणारा माणूस गेला, उचलणारा तेवढा राहिला. त्या महिन्यांत देशात ठिकठिकाणी अशाच अफवांवरून निरपराध माणसं मारली गेली. राईनपाड्यात त्या पाच जणांना "तुम्ही कोणाचे, कुठले?" हे शांतपणे विचारणारा आणि उत्तर ऐकून घेणारा पार उरला नव्हता. आणि ज्यांच्या फोनवर तो निरोप आला, त्यांना "तुले कोनी सांगं?" असं विचारणारंही कुणी नव्हतं.

त्यानंतर व्हॉट्सॲपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलपासून फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जातो. चांगलं झालं. अशा फार फिरलेल्या निरोपावर दोन बाण एकत्र असलेली खूण आता तुमच्याही फोनवर दिसते. ती दिसली की समजावं, हा निरोप पाठवणाऱ्याचा स्वतःचा नाही, त्यालाही तो कुठून तरी आलेला आहे. मी माझ्या सातवीच्या मुलांना ही खूण फळ्यावर काढून दाखवते.

आता नात्यांकडे वळते. फोनमुळे नाती तुटली, असं सरसकट म्हणणाऱ्यांतली मी नाही. सुरतेला उधन्यात राहणारी माझी नणंद रोज रात्री सासूबाईंशी चेहरा बघून बोलते. पंचवीस वर्षांपूर्वी हे पत्रावर भागवावं लागायचं. पण नात्यांत एक पातळ धागा असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. जवळचे लोक जवळच राहतात. लांबची, वर्षातून एकदा भेटणारी माणसं मात्र हळूहळू सुटत जातात आणि त्याचं दुःखही कुणाला होत नाही.

माझा पुतण्या आयटीआयमधून वीजतंत्री होऊन बाहेर पडला. त्याच्या वर्गमित्रांचा साठ जणांचा ग्रुप. एकाने जाहिरात टाकली की साठही जण अर्ज करायचे. एकाला जे ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. आठ महिने असेच गेले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खान्देशची देवी बसते. तिच्या रोटांना, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला भाऊबंद झाडून येतात, सुरतेहून, नाशिकहून, पुण्याहून. सोमवारी विसर्जनाला नदीवर जाताना, चौरंग डोक्यावर असलेल्या बाईच्या मागे वाजतगाजत चालताना, आमच्या एका लांबच्या चुलत सासऱ्यांनी पुतण्याला सहज विचारलं, "काय करी राहिना रे सध्या?" हे सासरे वर्षातून त्या दोन दिवसांपलीकडे आम्हाला दिसत नाहीत. त्यांच्या शेजारच्या कारखान्यात माणूस हवा होता आणि त्याची जाहिरात कुठेच निघालेली नव्हती. दसऱ्याच्या आत पोरगा कामाला लागला.

हा योगायोग नव्हे. मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच हे दाखवून दिलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं त्याची तुमची भेट किती वेळा व्हायची? त्याचा नमुना लहान होता, ५४ माणसांचा. पण उत्तर बघा. आठवड्यातून दोनदा तरी भेटणाऱ्याकडून नोकरी कळलेले शंभरात जेमतेम १७ निघाले. कधीमधी भेटणाऱ्याकडून कळलेले ५६. आणि उरलेल्यांना ज्याने सांगितलं त्याची भेट वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी व्हायची. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या २ कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही, अगदी जिवलगही नाही आणि अगदी परकाही नाही, अशा ओळखीनेच नोकरीला सगळ्यात जास्त हात दिला. कारण साधं आहे. जवळचा माणूस आपल्याच विहिरीचं पाणी पितो. लांबचा माणूस दुसऱ्या विहिरीवरून येतो.

आणि ही लांबची माणसं आपल्याला कुठे भेटतात? लग्नाच्या पंगतीत, सारंगखेड्याच्या जत्रेत, आठवडे बाजारात, एस.टी.च्या बाकड्यावर, रोटांना. आता पंगतीत समोरच्या माणसाऐवजी आपण मांडीवरच्या फोनकडे बघतो. मीसुद्धा बघते. यात काय सुटतं ते दिसत नाही, म्हणूनच मला त्याची काळजी वाटते.

रात्री दहा वाजता शाळेच्या ग्रुपवर येणाऱ्या "तातडीने माहिती भरा"बद्दल मी फार बोलणार नाही, ऐकणाऱ्या नोकरदारांना ते पाठ आहे. दुसरी एक गोष्ट सांगते. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकू गेल्या. ग्रुपवर निरोप पडला आणि तासाभरात हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. आपल्याकडे द्वारदर्शनाची रीत आहे. माणूस दारात जातो, ओट्यावर बसतो, बोलतो किंवा बोलतही नाही, उठून येतो. पाचव्या दिवशी मी गेले तेव्हा काका ओट्यावर एकटे होते. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, "पोरी, यातलं मला दिसत नाही. कोणकोण आहे ते वाच बरं." मी नावं वाचू लागले. प्रत्येक नावाला ते विचारत, "हा आला होता का गं?" पंधरा-वीस नावांनंतर मी फोन खाली ठेवला आणि आम्ही दोघं नुसते बसलो.

आता भावाच्या घरचं सांगून थांबते. त्या वैशाखानंतर त्याने शेतीचे ग्रुप सोडले नाहीत. पण फोनशेजारी खिळ्याला एक वही टांगली. सावद्याकडे कापणीच्या टोळीचे एक जुने मुकादम आहेत, वहिनीच्या मावशीच्या नात्यातले, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. रोज सकाळी चहा व्हायच्या आत भाऊ त्यांना फोन लावतो. काल किती गाड्या भरल्या, आज उठाव कसा आहे, पुढे सण आहे का, हे आबा सांगतात. मधेच बायको-पोरांची चौकशी करतात, पाऊस विचारतात. मग भाऊ वहीत ओळ लिहितो. तारीख, नवती इतकी, पिलबाग इतकी, आणि त्यापुढे "सांगणार" असं लिहून आबांचं नाव. ग्रुपवरून काही कळलं असेल तर तेही लिहितो, आणि त्यापुढची जागा रिकामी सोडतो.

परवा माहेरी गेले तेव्हा मी ती वही चाळली. शेवटच्या ओळीत तारीख होती, भाव नव्हता. भावाच्या अक्षरात एवढंच लिहिलं होतं: आबांचा आवाज बसलेला, खोकला फार. सावद्याला जाऊन यायचं.

नमस्कार.