हार्लेम, १२५वा रस्ता

१९८२. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, १२५व्या रस्त्यावर डॅनियल डे यांनी कपड्यांचं दुकान थाटलं. सगळे त्यांना डॅपर डॅन म्हणायचे. दुकान चोवीस तास उघडं. शिवणयंत्रांवर सेनेगलहून आलेले कारागीर, आणि गिऱ्हाइकांत रॅपर, मुष्टियोद्धे, अमली पदार्थ विकणारेसुद्धा.

एकदा एक गिऱ्हाईक लुई व्हिटाँ या महागड्या फ्रेंच कंपनीची छोटी पर्स घेऊन आलं. सगळे ती बघायला गोळा झाले. डॅन यांच्या मनात आलं, एवढ्याशा पर्सचं इतकं अप्रूप, मग अंगावरचा अख्खा कोटच तसा असला तर? आधी त्यांनी गुच्ची या इटालियन कंपनीच्या पिशव्या विकत आणल्या, कापल्या आणि ते तुकडे कपड्यांना लावले. ते पुरेनात. मग कंपन्यांची चिन्हं चामड्यावर छापायला ते स्वतःच शिकले.

परवानगी नव्हती, हे खरंच. पण तेव्हा लुई व्हिटाँ विकायची बॅगा आणि प्रवासी पेट्या. तिचे पहिले तयार कपडे आले १९९८मध्ये! ज्या कोटांना नक्कल ठरवलं, त्यांचं अस्सल तेव्हा बाजारात नव्हतंच.

तिकडे न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातले रॅपर, रन-डीएमसी हा गट, बिननाडीचे आदिदास घालून गात होते. १९८६मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी सांगितलं, बूट वर करा! हजारो हात बुटांसकट वर गेले. ते पाहायला आदिदासचा अधिकारी हजर होता. त्यातून करार झाला, सुमारे १० लाख डॉलरचा.

डॅन यांच्या वाट्याला मात्र परवानगीशिवाय चिन्हं वापरल्याबद्दल धाडी आल्या. फेंडी या फॅशन कंपनीच्या वकिलांमध्ये सोनिया सोटोमायोर होत्या, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाल्या. १९९२मध्ये दुकान बंद पडलं. त्याच वर्षी क्वीन्समध्ये डेमंड जॉन यांनी घरी शिवलेल्या टोप्यांपासून स्वतःचा कपड्यांचा ब्रँड सुरू केला, फुबू. आता छातीवर परक्या कंपनीचं नाव नको होतं.

आणि मग २०१७. गुच्चीच्या फॅशन शोमध्ये एक जॅकेट आलं. फुगीर बाह्यांचं, फरचं. डॅन यांनी १९८९मध्ये धावपटू डायान डिक्सनसाठी शिवलेलं जॅकेट जसंच्या तसं, फक्त बाह्यांवर लुई व्हिटाँऐवजी गुच्ची. लोक खवळले, आणि ते खवळणं अगदी रास्त होतं. त्या आरडाओरड्यानंतरच गुच्चीने डॅन यांच्याशी हातमिळवणी केली. २०१८मध्ये हार्लेममध्ये त्यांचं शिवणकामाचं दुकान पुन्हा उघडलं. या वेळी कापड खुद्द गुच्चीने पाठवलं होतं.