खिडकीखालची नावं

बर्लिन. शोसेस्ट्रासे १२५. जर्मन कवी-नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त आयुष्याची शेवटची तीनेक वर्षं या घरात राहिला. खिडकीतून खाली पाहिलं की डोरोथेनश्टाटची दफनभूमी दिसते. १९५६च्या ऑगस्टमध्ये त्याला तिथेच आणलं. ओबडधोबड दगड आणि त्यावर नुसतं नाव. शेजारी पत्नी हेलेन वायगेल.

या दगडापाशी माणसं थांबतात, फुलं ठेवतात. याच आवारात आणखी एक नाव आहे. एलिझाबेथ हाउप्टमन, ब्रेख्तची सहकारी. आपण आता तिच्याकडे जाऊ.

हे थिएटर आम शिफबाउअरडाम. श्प्रे नदीच्या काठावरचं. १९२८ साली एर्न्स्ट योसेफ आउफ्रिश्त या तरुण निर्मात्याने ते भाड्याने घेतलं होतं. जागा होती, नाटक नव्हतं. तो ब्रेख्तकडे आला.

आता थोडं मागे. लंडनमध्ये जॉन गेचं ‘बेगर्स ऑपेरा’, १७२८ सालचं, तिथल्या चोर-भिकाऱ्यांवरचं, पुन्हा रंगमंचावर आलं आणि काही वर्षं धो धो चाललं. हाउप्टमनला ते कळलं. इंग्रजी तिला उत्तम येत होतं. १९२७-२८च्या हिवाळ्यात तिने त्याचा जर्मन अनुवाद करायला घेतला. ब्रेख्त तेव्हा वेगळ्याच नाटकात गुंतलेला. आउफ्रिश्तपुढे अखेर ठेवली गेली ती या अनुवादाची पानं.

त्यावर ब्रेख्तने हात फिरवला, आणि तो हात मोठ्या कवीचा होता. गाणी आली, संगीतकार कुर्ट वाइलच्या चाली आल्या. नाटकातला मुख्य चोर मॅकी मेसर, त्याच्यावरचं गाणं तर अगदी शेवटच्या दिवसांत घातलेलं. ३१ ऑगस्टला याच रंगमंचावर पडदा उघडला : ‘थ्री पेनी ऑपेरा’.

मानधनाची वाटणी अशी होती : ब्रेख्त ६२.५ टक्के, वाइल २५, हाउप्टमन १२.५. पहिल्या प्रयोगाच्या पत्रिकेवर अनुवादक म्हणून तिचं नाव होतं. नाटक जगभर गेलं ते मात्र ब्रेख्तचं नाटक म्हणून.

१९३३. संसदेला आग लागली आणि दुसऱ्याच दिवशी ब्रेख्तने जर्मनी सोडली. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, अमेरिका.

जानेवारी १९४९. पडझड झालेलं बर्लिन. ब्रेख्त परतलेला. त्याच्या ‘मदर करेज’ नाटकातला हा गाडा. फिरता रंगमंच, आणि गाडा ओढणारी हेलेन वायगेल. हा तिचा चेहरा. तोंड उघडं आहे, आवाज नाही.

अशा प्रयोगांची छायाचित्रं काढून, क्रमाने लावून त्यांची ‘मॉडेल-पुस्तकं’ केली जात. पुढच्या नटांनी पाहून शिकावं म्हणून. हे काम उभं केलं ब्रेख्तची आणखी एक सहकारी, रुथ बेर्लाऊने. आज आपण ब्रेख्तचा रंगमंच डोळ्यांनी पाहू शकतो, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

आणि पुणे, १९७८. थिएटर अ‍ॅकॅडमीचा ‘तीन पैशाचा तमाशा’, म्हणजे ‘थ्री पेनी ऑपेरा’चं मराठी रूप. लेखणी पुलंची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. मॅकीचा झाला अंकुश, आणि नंदू भेंडे यांनी तो रॉकच्या ठेक्यावर गायला. लंडनच्या चोरांना बर्लिनची वाट हाउप्टमनने दाखवली होती. तिथून ते तमाशाच्या बोर्डावर आले.

हे वीस खंड. ब्रेख्तचं संकलित साहित्य, १९६७. संपादनाची जबाबदारी होती एलिझाबेथ हाउप्टमनवर. दुसऱ्याचं लिखाण वाचणं, जुळवणं, तपासणं हे काम ती म्हातारपणीही करत राहिली.

१९७३ मध्ये ती गेली. पुन्हा तीच दफनभूमी. हा तिचा दगड.