सावेदादांचा कॅमेरा

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. जन्म १८६८ चा, व्यवसाय फोटोग्राफीचा, मुक्काम मुंबईत. दादासाहेब फाळक्यांचा पहिला कथापट १९१३ साली आला. त्याच्या चौदा वर्षं आधी या माणसानं आपल्याकडची हलती चित्रं टिपायला सुरुवात केली होती. फाळक्यांचं नाव शाळकरी मुलालाही माहीत असतं, पण सावेदादांचं नाव सांगितलं की बहुतेक जण ‘कोण?’ असं विचारतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचे खेळ सुरू झाले. तिकीट एक रुपया. त्या खेळांनी सावेदादा झपाटून गेले आणि त्यांनी लंडनहून कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी.

१८९९ मध्ये त्यांनी पहिलं चित्रण केलं ते कुस्तीचं. हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची जोड लावली आणि समोर कॅमेरा उभा केला. त्या काळी कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवावं लागे. सेकंदाला साधारण सोळा चित्रं उमटतील अशा बेतानं, एका लयीत. हात मंदावला की पडद्यावरची माणसं भराभर धावत सुटायची. रीळ जेमतेम मिनिटभराचं. पैलवान काही कॅमेऱ्यासाठी थांबणार नाहीत, आणि डाव तर क्षणात पडतो. बरं, फीत धुण्याची सोय इथे नव्हतीच. ती बोटीनं लंडनला पाठवायची आणि वाट बघत बसायचं. डाव नेमका फितीत आला की निसटला, हे ती परत आल्यावरच कळणार! नंतर त्यांनी माकडवाल्याचा खेळही टिपला. कुस्ती आणि माकडवाला, दोन्ही रोज डोळ्यांसमोरचं. ते टिपण्याजोगं आहे असं त्यांना वाटलं, यातच मला त्यांच्यातला माहितीपटकार दिसतो.

पुणेकरांना जवळचं वाटावं असं त्यांचं काम १९०१ मधलं. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे, आपल्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये सीनिअर रँग्लर झाले, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले. गणितातला हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९०१ च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले आणि त्यांचं जे स्वागत झालं, ते सावेदादांनी चित्रित केलं. आपल्याकडचा पहिला वार्तापट म्हणून अभ्यासक याच चित्रणाकडे बोट दाखवतात. कुणी राजा नाही, लाटसाहेब नाही. गणिताची परीक्षा देऊन घरी आलेला पंचविशीतला तरुण! पुढच्याच वर्षी रँग्लर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांची नात सई परांजपे. पुणे आकाशवाणीवरून बोलत पुढे आल्या आणि पुढे स्वतः माहितीपट, चित्रपट करू लागल्या. ज्या घरातला माणूस पहिल्या वार्तापटात आला, त्याच घरातून पुढे दिग्दर्शिका आली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सावेदादा पुढे चित्रीकरणातून बाजूला झाले आणि मुंबईच्या गेइटी थिएटरचं व्यवस्थापन पाहू लागले. १९५८ मध्ये ते गेले. आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. त्यांच्या फिती आज पाहायला मिळत नाहीत. त्या काळची नायट्रेटची फीत पटकन पेट घ्यायची, नाही पेटली तरी वर्षानुवर्षं कुजत जायची. शिवाय तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळं कितीतरी ठिकाणी वितळवली गेली. रँग्लर बोटीतून उतरले तेव्हा डोक्यावर पगडी होती की हॅट, गर्दीत घरची माणसं कुठे उभी होती, हे सगळं त्या मिनिटभरात असणार होतं.

म्हणून एक विनंती. पुण्यातल्या जुन्या वाड्यांतून, बंगल्यांतून माळ्यावर आठ किंवा सोळा मिलिमीटरच्या रिळांचे डबे असतात. कुणाची मुंज, कुणाचं लग्न, गणपतीची मिरवणूक. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फीत खराब होऊ लागली आहे असं समजा. घाईघाईनं प्रोजेक्टरवर चढवू नका, आकसलेली फीत तुटते. ती कोरड्या, थंड जागी वेगळी ठेवा. रद्दीत टाकण्याआधी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात एकदा विचारून पाहा, आणि डब्यावर कुणाचं काय आहे, साल कोणतं, एवढं आजच लिहून ठेवा. सांगणारी वडीलधारी माणसं अजून घरात आहेत.