क्रायसिस नसतानाचं दुखणं

नमस्कार श्रोतेहो.

नागपूर, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि तिकडे नंदुरबार, या पट्ट्यात सिकलसेल म्हणजे काय हे फारसं समजावून सांगावं लागत नाही. 'एसएस पॅटर्न', म्हणजे आईबाप दोघांकडूनही सिकलसेलचा दोष आलेला, हा शब्द इथल्या कितीतरी आयांना तोंडपाठ आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडामांसाला प्राणवायू पोचत नाही आणि लेकरू कळवळतं. हा क्रायसिस. त्यावर सलाईन, वेदनाशामक, काही दिवस भरती. आज मला बोलायचंय ते सुट्टी होऊन घरी आल्यावरही जे दुखत राहतं, त्याबद्दल.

काही मुलांचं, विशेषतः वयात येणाऱ्या मुलामुलींचं, बहुतेक दिवस काहीतरी ठणकतच असतं. सहा महिने असं चाललं की डॉक्टर त्याला जुनाट वेदना म्हणतात. कधी खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते झिजलेलं असतं, म्हणून तपासणी आधी. पण पुष्कळदा फोटोत नवीन काहीच निघत नाही. मग घरात आणि शाळेत कुजबुज सुरू होते, 'नाटकं करते, शाळा बुडवायची आहे.'

नाटकं नाहीत हो. वर्षानुवर्षं कळा सोसून मज्जासंस्थाच हळवी होते, साध्या ताणालाही मोठ्या वेदनेसारखं उत्तर द्यायला लागते. त्यात भीतीची भर. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी सिकलसेलच्या रुग्णांच्या बोटांतला रक्तप्रवाह मोजून पाहिला. 'आता दुखणार' एवढ्या धास्तीनंच बारीक रक्तवाहिन्या आकसल्या. थंडीत जे होतं तेच. घाबरलेल्या मुलाचं दुखणं वाढतं, ते असं शरीरातूनच वाढतं.

म्हणून मनाकडून उपचार करायचा. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली, सिकलसेलच्या जुनाट वेदनेसाठी इतर उपचारांसोबत सीबीटी द्यावी, असं सुचवलं. विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी ही पद्धत. मुलांवरचे अभ्यास अजून थोडे आहेत, तेही लहान. त्यामुळे चमत्काराची आशा नको. सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी तर चालूच ठेवायची.

प्रत्यक्षात काय करतात? समजा सहावीतली एक मुलगी आहे. समुपदेशक तिला आडवं व्हायला सांगते. एक हात छातीवर, एक पोटावर. श्वास असा घ्यायचा की पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जागचा हलता कामा नये. पहिल्यांदा नेमकं उलटं होतं आणि पोरगी हसायला लागते. हसू द्यावं. मग पायाच्या बोटांपासून एकेक स्नायू आवळून सैल सोडायचा; दुखरा भाग वगळायचा. हे बरं वाटत असतानाच रोज करायचं, म्हणजे दुखायला लागलं की अंगाला सवय असते.

दुसरं काम वहीत. पाय दुखायला लागला की तिच्या मनात काय येतं? 'झालं, आज रात्री पुन्हा दवाखाना.' गेल्या महिन्यात असं किती वेळा वाटलं, आणि खरंच किती वेळा जावं लागलं? ती स्वतः मोजते, आणि आकडा बहुधा तिलाच चकित करतो.

तिसरी गोष्ट, बेतानं वागण्याची. बरं वाटलं की दिवसभर हुंदडायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात, हे चक्र मोडायचं. खेळ घड्याळ लावून, मध्ये पाणी, मध्ये बसणं. शाळा बरीच बुडली असेल तर आधी दोन तास, मग अर्धा दिवस. शिक्षकांनी पाण्याची बाटली वर्गात ठेवू द्यावी, लघवीला सोडावं, थंडीत प्रार्थनेला उघड्यावर उभं करू नये. यात लाड कसले!

आणि आईबापांनो, सगळ्यात अवघड भाग तुमच्याकडे आहे. 'दुखून राहिलं का वं?' हे मायेपोटीच विचारलं जातं. पण दिवसातून दहा वेळा विचारलं की पोरीचं लक्ष दहा वेळा तिथंच जातं. दुखत असेल तर ती सांगेल, आणि सांगितल्यावर लगेच विश्वास ठेवा. एरवी तिला गणिताबद्दल विचारा, मैत्रिणीबद्दल विचारा. दुखलं तरच आई जवळ बसते, असं होऊ देऊ नका.

जिल्हा रुग्णालयातल्या बालकांच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मानसशास्त्रज्ञ आहेत का, ते विचारा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही आहे, मोफत आणि मराठीत बोलता येतं.

मात्र ताप आला, छातीत दुखून दम लागला, पोट अचानक फुगलं, मूल एकदम पांढरंफटक पडलं, एका बाजूचा हातपाय लुळा झाला किंवा बोलणं अडखळलं, तर श्वासाचे व्यायाम करत बसू नका. १०८ लावा आणि निघा.