श्वास सोडून माप द्या

नमस्कार श्रोतेहो.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली की गोव्यातल्या शिंप्यांच्या दुकानांत एक पुठ्ठा लटकू लागतो, 'नवीन कपडे घेणे बंद'. त्या पुठ्ठ्याखालीच उभं राहून आपण म्हणतो, 'एकच ब्लाऊज हो, साधाच आहे.' घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची असते, नेवऱ्यांचं सारण भाजायचं असतं, आणि आपण काखेत पिशवी मारून शिंप्याची मनधरणी करत असतो. आज त्या दुकानातच थोडा वेळ थांबू या. आपण दिसतो कसे आणि दिसायला हवं होतं कसं, याबद्दल मला जे बोलायचं आहे ते तिथं फार लख्ख दिसतं.

फोंड्याला आमचे एक जुने शिंपी आहेत. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, पुढ्यात रेघी वही. वहीच्या प्रत्येक पानाला ज्याच्या त्याच्या कापडाचा चिमूटभर तुकडा टाचलेला. ड्रेसचं माप घेताना टेप कंबरेभोवती आला रे आला की समोरची बाई श्वास आत ओढते. पोट आत, मान ताठ, चेहऱ्यावर 'मी अशीच असते' असा भाव. ते काही बोलत नाहीत. टेप सैल धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहतात. शेवटी दम लागून तिचा श्वास सुटतो, तेव्हा कुठे आकडा वहीत उतरतो. एकदा माझ्यापुढे एक कॉलेजातली मुलगी होती. ती काही केल्या श्वास सोडेना. तेव्हा मात्र ते म्हणाले, 'बाय, श्वास सोड. जेवले उपरांत कितें करतली?' पोरगी खुदकन हसली आणि माप मिळालं.

त्यांच्या वहीत माझ्या नावापुढे खांद्याच्या आकड्याजवळ एक तिरकी रेघ आहे. ती कसली म्हणून मी विचारलं. म्हणाले, 'बाई, तुमचा उजवा खांदा उतरता आहे.' इतकी वर्षं शाळेत शिकवलं, वह्यांचे गठ्ठे त्याच खांद्यावरून नेले, पण घरच्या आरशात मला ते कधी कळलं नव्हतं. वर सांगतात कसे, 'दोन्ही खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक क्वचितच येतं.' ते त्या बाजूनं कापड थोडं उतरतं कापतात, शिवणीत इंचभर माया ठेवतात आणि ब्लाऊज चापूनचोपून बसतो. त्यात माझी कीव नाही आणि कौतुकही नाही. खांदा जसा आहे तसा वहीत लिहिला आहे, एवढंच. स्वतःकडे असं बघता आलं तर पुष्कळ झालं, असं मला वाटतं. हल्ली 'स्वतःवर प्रेम करा' असं जो तो सांगतो. रोज सकाळी उठून आरशासमोर प्रेमात पडायचं, हे मला तरी झेपणारं नाही. भांडण मिटलं तरी खूप.

पण आता शिंप्याकडे जातं कोण? आपण तयार कपडे घेतो. त्या चिंचोळ्या खोलीत, डोक्यावर पांढराफटक दिवा घेऊन, घामाघूम होत एक ड्रेस डोक्यातून घालायचा, तो मध्येच अडकायचा आणि बाहेर उभ्या लेकीला हळूच सांगायचं, 'मोठा आण गं.' त्या क्षणी वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खरं म्हणजे एका कंपनीचा 'एल' तो दुसऱ्या कंपनीचा 'एम' असतो. भारतीय शरीरांचा स्वतःचा असा मापांचा तक्ताच आपल्याकडे नव्हता. परदेशी तक्ते इकडेतिकडे वळवून काम चालत आलं. म्हणून तर निफ्ट या फॅशनचं शिक्षण देणाऱ्या संस्थेनं 'इंडिया साइझ' नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या 15 ते 65 वयाच्या 25,000 हून अधिक लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घ्यायची, असा त्याचा घाट. म्हणजे ज्या तक्त्यासाठी आपल्याला कुणी कधी मोजलंच नाही, त्यात आपण मावत नाही म्हणून इतकी वर्षं झुरत होतो!

कुणी काय घालायचं हे दुसऱ्यानं ठरवणं गोव्याला नवं नाही. 1736 साली इथल्या इन्क्विझिशननं, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या धर्मन्यायालयानं, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांवर कितीतरी बंधनं घातली. त्यात पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, असंही होतं. फर्मान काढणारे गेले, पोर्तुगीजही 1961 मध्ये गेले. पण आपण मनात आपली फर्मानं जपून ठेवली आहेत. सावळ्या मुलीनं पिवळं घालू नये. जाडीनं आडवे पट्टे घालू नयेत. पन्नाशीनंतर केसांत गजरा शोभत नाही. हे कुणी, कधी ठरवलं? विचारलं तर उत्तर येतं, 'लोक काय म्हणतील?' आणि ते लोक म्हणजे बहुधा शेजारची एक वहिनी असते, जी स्वतः तिच्या नणंदेला भिऊन असते.

आपल्या इथल्या कुणबी बायकांचं कापड बघा. तांबड्या चौकटींचं, आखूड नेसलेलं, खांद्यावर गाठ मारलेलं. गुडघाभर चिखलात उतरून भाताचा तरवा लावायचा तर निऱ्या पायात येऊन चालत नाही, आणि वाकल्यावर पदर घसरूनही चालत नाही. कामानं आणि हवेनं मिळून ते नेसणं घडवलं. पुढे ते मागे पडत गेलं. कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स यांनी हे कापड पुन्हा लोकांसमोर आणलं. फॅशनच्या जगात नाव कमावलेला हा माणूस, 2014 साली पद्मश्री मिळालेला. 2020 मध्ये ते गेले. आज ती साडी नेसून मुली लग्नकार्याला येतात तेव्हा मला बरं वाटतं. एक मात्र खटकतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हेच कापड नेसून भाजीच्या वाट्यांपुढे बसलेल्या म्हातारीला आपण अडाणी समजत होतो. तीच चौकट दिव्यांच्या झगमगाटात आली, तिला किमतीची चिठ्ठी लागली, आणि आपल्याला तिच्यात सौंदर्य दिसू लागलं. नजर आपली, पण तिला परवानगी बाहेरून लागते, असं काहीसं झालंय.

रंगाचं तर विचारूच नका. आपण सावळ्या विठोबाच्या पायांवर डोकं ठेवतो आणि घरी येऊन मुलीसाठी गोरं होण्याचं मलम शोधतो. 'फेअर अँड लव्हली'चं नाव 2020 साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. डबीवरचा शब्द गेला, पण लग्नाच्या बोलण्यात 'मुलगी रंगानं कशी आहे?' हा प्रश्न पोह्यांच्या आधी येतोच.

केसांची गंमत थोडी वेगळी. गोव्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा दमट हवेत कुरळे केस हे फुलायचेच. आमच्या घराण्यात सगळ्यांचे कुरळे. माझी भाची मे महिन्यात चांगले पैसे मोजून केस सरळ करून आली आणि मिरगाच्या पहिल्या सरीत भिजल्यावर तिच्या कपाळावर एक एक बट पुन्हा वळायला लागली. पार्लरवालीनं हमी दिली होती म्हणे. मिरगाशी हमी कसली करता?

पुरुष श्रोत्यांनी यात हसू नये. शर्ट बाहेर सोडला की पोट दिसत नाही, या समजुतीवर अर्धा गोवा चालला आहे. मिश्यांना कलप लावून उशीचे अभ्रे काळे करणारेही मला माहीत आहेत. आणि हो, डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं असेल तर चाला. 'मी आहे तसा बरा' हे उत्तर तिथं लागू होत नाही. कापडाचं माप वेगळं आणि रक्ताचं माप वेगळं.

माझ्या आईबद्दल सांगते. तिला फोटोचं वावडं होतं. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जायची, नाहीतर कुणाचंतरी मूल कडेवर घेऊन त्याच्या आड उभी राहायची. 'मी बरी दिसत नाही, तुम्ही काढा.' आमच्या घरी मुंजींचे, बारशांचे, चवथीचे ढीगभर फोटो आहेत. त्यांत आईचा कुठे नुसता हात दिसतो, कुठे पाठ, कुठे दाराच्या चौकटीत अर्धा पदर. ती गेल्यावर भिंतीवर लावायला धड एक फोटो मिळेना. शेवटी मतदान ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. ते फोटो कसे येतात, तुम्हाला ठाऊकच आहे. माझी चांगली देखणी आई त्या तसबिरीत कुणावर तरी डाफरल्यासारखी दिसते. तिनं माळलेल्या अबोलीच्या वळेसराचा रंगसुद्धा त्यात उमटलेला नाही.

त्यानंतर मी कपाट उघडून बसले. एका खणात 'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले ब्लाऊज आणि कुडते होते. रेशमी, जरीचे, डांबराच्या गोळ्यांचा वास मुरलेले. वर्षानुवर्षं तो खण मी उघडायची आणि ओशाळून बंद करायची. सगळे भाचीला देऊन टाकले. तिनं त्यातल्या एका चंदेरी ब्लाऊजच्या बाह्या कापल्या, तो जीन्सवर चढवला, पावसानं फुललेले केस तसेच मोकळे सोडले आणि गेल्या चवथीला आमच्या दारात उभी राहिली. आमच्या थोरल्या वहिनींनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. 'हे गं काय?' पोरगी म्हणाली, 'आत्येचा ब्लाऊज.' वहिनींना पुढे काय बोलावं ते सुचेना, कारण शिवण खरोखरच सुरेख होती.

आरती झाली, सगळ्यांना एकत्र उभं केलं आणि तिनं फोन काढला. सवयीनं बायकांची मागे सरकायची घाई सुरू झाली. वहिनींनी तर शेजारच्या पोराला उचललंच होतं. भाची ओरडली, 'पोर खाली ठेव, काकू! मुलं वेगळी काढते.' मग आम्ही सगळ्या पुढे आलो. मी मधली खुर्ची धरली, कारण माझे गुडघे दुखतात. आणि श्वास न रोखता बसले. फोटोत उजवा खांदा चांगलाच उतरता आलाय.

नमस्कार.