माकड लोंबकळलं तरी टिकेल असा अँटेना
(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पहाट. धौलाधारची रांग. कॅमेरा सावकाश खाली गावाच्या छपरांवर उतरतो. पहिले काही क्षण फक्त वारा.)

हिमाचल प्रदेशातलं धर्मशाला. मागे धौलाधार, पुढे कांगड्याचं खोरं, आणि मधल्या उतारावर एकाखाली एक घरं, मठ, शाळा. १९६० पासून दलाई लामा इथे राहतात. त्यांच्यामागून आलेल्या तिबेटी निर्वासितांनी याच उतारांवर आपलं जग पुन्हा उभं केलं.

आता डोंगरावरून नजर काढा आणि छपरं बघा. पताकांच्या दोऱ्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे. आणि त्यांच्यामध्ये, लोखंडी नळीला बांधलेली ती पांढरी काठी. ही गोष्ट त्या काठीची आहे.

(दृश्य: दरीच्या अलीकडून पलीकडचं छप्पर. मध्ये देवदारांनी भरलेली डोंगराची सोंड.)

पलीकडची ती इमारत हाकेच्या अंतरावर वाटते. पण मध्ये ही सोंड आहे. वायफायच्या लहरींना समोरचं दिसावं लागतं. डोंगर आड आला की त्या तिथेच थांबतात. सपाट मुलखात एक उंच मनोरा उभारला की चारी बाजूंना सिग्नल पोचतो. इथे मनोरा कुठेही उभा करा, अर्धं गाव त्याच्या पाठीमागेच राहतं.

मग मनोऱ्यावाचूनच काम करायचं ठरलं. प्रत्येक छपराने आपल्याला दिसणाऱ्या छपराशी बोलायचं, आणि त्याने त्याला दिसणाऱ्या पुढच्या छपराशी. आग लागली की विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागते आणि कळशी हातोहात पुढे जाते, तसं. पहिल्या माणसाला जळणारं घर दिसत नसलं तरी पाणी पोचतं.

याला मेश नेटवर्क म्हणतात. आपण जाळं म्हणू.

(दृश्य: टेबलावर उघडलेली राखाडी पेटी. दोन हात आतली पाटी बाहेर काढतात. जवळून.)

ही पेटी नीट बघा. तिचं नाव होतं ‘हिमालयन मेश राउटर’. धर्मशालेतच आखलेली, इथेच जोडलेली. आत बोटभर जाडीची एक पाटी आणि तिच्यावर चालणारा, सगळ्यांना उघडा असलेला प्रोग्रॅम. प्रत्येक छपरावर हीच पेटी. बदलायचा तो फक्त अँटेना: सगळीकडे पसरवायचं असेल तर काठी, एकाच दिशेला लांब पाठवायचं असेल तर जाळीची ताटली.

पेटी सगळीकडे एकच असण्याला फार महत्त्व आहे. एक दुरुस्त करता आली की सगळ्या दुरुस्त करता येतात. बिघाड झाला म्हणून दिल्लीच्या माणसाची वाट बघत बसायला नको.

(दृश्य: छपरावरचं छोटं सोलर पॅनल. वायर पेटीत जाते. मागे ढग उतरताहेत.)

या पेटीला वीज लागते ४ वॉटपेक्षा कमी. घरातल्या ९ वॉटच्या एलईडी दिव्याच्या निम्मीसुद्धा नाही. त्यामुळे छोट्या पॅनलवर ती चालते, आणि इथल्या अनेक पेट्या फक्त उन्हावरच चालत होत्या. गावातली लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नव्हता. पावसाचं तर विचारूच नका. हिमाचलातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी हे एक.

(दृश्य: निवासाच्या तीन खोल्या. प्रत्येकीत एक राउटर. पहिल्या खोलीत लॅपटॉपवर व्हिडिओ चालू.)

आत नेमकं काय होतं, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणून राहत्या जागी आम्ही तीन राउटर मांडून पाहिलं. जाड दगडी भिंती आमच्या डोंगराचं काम करताहेत. पहिल्या खोलीत लॅपटॉप, तिसऱ्या खोलीत इंटरनेटची तार. पहिल्याला तिसरा दिसत नाही. मधला दोघांनाही दिसतो.

हे राउटर दर थोड्या वेळाने एकमेकांना हाक देतात: मी आहे, तू आहेस का? कोणाची हाक किती वेळा नीट ऐकू आली, याचा हिशेब प्रत्येक जण ठेवतो आणि आपल्या शेजाऱ्यांना सांगतो. त्यातून प्रत्येकाकडे सगळ्या जाळ्याचा नकाशा तयार होतो. कोणी वरून हुकूम देत नाही. मुख्य राउटर असा कोणी नाहीच.

आता मधला बंद करतो.

(दृश्य: हात प्लग काढतो. व्हिडिओ अडकतो. थांबा. चौथा राउटर व्हरांड्यात ठेवला जातो, दिवा लुकलुकतो. व्हिडिओ पुन्हा सुरू.)

व्हरांड्यातल्या चौथ्याने हाक दिली, दोघांनी ऐकली, वाट बदलली. आम्ही लॅपटॉपला हातही लावलेला नाही. धर्मशालेत कुठल्याशा छपरावरची वीज गेली की हेच व्हायचं. एक पेटी मुकी झाली की बाकीच्या तिला वळसा घालून बोलत राहायच्या.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. छपरावर नळी उभी करणारी माणसं.)

हे काम उभं राहिलं २००५ साली. तोवर आपल्या देशात घराबाहेर वायफाय लावायला परवाना लागायचा. २८ जानेवारी २००५ च्या नियमांनी वायफायच्या लहरींचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला केला. या लहरी सगळ्यांच्या झाल्या. आणि फेब्रुवारी संपेपर्यंत धर्मशालेत ८ संकुलं जोडली गेली होती. एका महिन्यात! एक अट निघाली की माणसं काय करू शकतात, याचं आणखी कोणतं उदाहरण द्यायचं?

याहेल बेन-डेव्हिड हा इस्रायलहून आलेला संगणकतज्ज्ञ या कामाच्या पुढे होता. यातूनच पुढे ‘एअरजलदी’ ही संस्था वाढली. पण छपरांवर चढायचं, नळ्या आवळायच्या, पेट्या जोडायच्या, तर हात इथले लागतात. आम्ही या फिल्ममध्ये मुद्दाम हात जास्त दाखवलेत.

(दृश्य: माकडांचं टोळकं. एक मोठं माकड नळीवर चढतं, अँटेना धरून झोका घेतं. पूर्ण प्रसंग, न कापता.)

याची तयारी कुठल्याही पुस्तकात नव्हती.

माकडं वायर कुरतडतात. पेटीवर बसतात. अँटेनाला लोंबकळतात, आणि उडी मारून जाताना त्याचं तोंड भलतीकडे करून ठेवतात. ताटलीची दिशा थोडी चुकली तरी पलीकडचं छप्पर हरवतं. म्हणून इथे अँटेना निवडताना एक कसोटी वाढली: तो माकडाचं वजन पेलतो का? नळी जाड हवी. क्लॅम्प दोन हवेत. वायर नळीच्या आतून हवी. शहरात बसून आराखडा काढणाऱ्याला हे सुचलं नसतं. छपराखाली राहणाऱ्याला पहिल्या आठवड्यातच कळतं.

(दृश्य: माकड निघून जातं. अँटेना अजून हलतोय. मग हळूहळू स्थिर.)

जाळं वाढत गेलं. कण्यात ३० हून अधिक पेट्या, त्यांना जोडलेले २,००० हून अधिक संगणक. बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या इंटरनेटचा सगळा मिळून वेग ६ एमबीपीएस. आज एका मोबाइलला याहून जास्त मिळतं. पण तेव्हा त्यावर शाळा चालल्या, कार्यालयं चालली, फायलींच्या प्रती दुसऱ्या टेकडीवर जपून ठेवल्या गेल्या. दूरच्या संग्रहातली चित्रफीत इथे बसून बघता आली. गावाचं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंजसुद्धा उभं राहिलं, एका संगणकात. बाहेरचा फोन त्यावर येऊ शकत होता. बाहेर लावायला मात्र कायदा आड येत होता.

एक अडचणही होती. सगळ्या पेट्या एकाच चॅनेलवर बोलत. एक बोलत असताना आसपासच्यांनी गप्प बसायचं. पेट्या वाढतील तसा हा खोळंबा वाढणार, हे तिथल्या लोकांनी वेळीच ओळखलं आणि एकाहून जास्त रेडिओ असलेल्या, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या चॅनेलवर बोलू शकणाऱ्या पेट्यांच्या चाचण्या सुरू केल्या.

(दृश्य: बदल. पालघर. पावसानंतरचा हिरवा रस्ता, भातखाचरं, दूरवर मनोरा.)

इथून थेट आपल्या पालघरला. इथली अडचण वेगळी आहे. डोंगरापेक्षा झाडी दाट, आणि पाडे एकमेकांपासून लांब. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने, प्राध्यापक अभय करंदीकरांच्या पुढाकाराने, खामलोली परिसरात टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या न वापरलेल्या लहरी कामाला लावल्या. या लहरी लांब जातात आणि झाडीतून वाट काढतात. त्यांनी इंटरनेट गावापर्यंत आणायचं आणि तिथून पुढे वायफायने वाटायचं. ही मनोऱ्याची पद्धत आहे, धर्मशालेसारखं जाळं नाही. २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत या कामाला विजेतेपद मिळालं.

(दृश्य: ग्रामपंचायतीबाहेर ओट्यावर बसलेली माणसं. पाच-सहा मोबाइल. कोणी बोलत नाही.)

दाखले, पेन्शन, रेशन, परीक्षेचे अर्ज, सगळं आता याच पडद्यावर आलंय. रेंज नसेल त्या गावाला ते नाही.

(दृश्य: पुन्हा धर्मशाला. संध्याकाळ. तंत्रज्ञ शिडीने छपरावर चढतो.)

एकदा लावून दिलं की जाळं आपोआप चालतं, असं समजू नका. पावसाळ्यानंतर क्लॅम्प गंजतात, बॅटरी उतरते, झाड वाढून वाटेत येतं. नवी इमारत उभी राहते आणि कालपर्यंत दिसणारं छप्पर दिसेनासं होतं. कोणीतरी वर चढावंच लागतं. जो चढतो त्याला गाव ओळखत असेल, तर दार रात्रीसुद्धा उघडतं, आणि खाली उतरल्यावर चहा मिळतो. कंपनीच्या टोल-फ्री नंबरावर ही सोय नाही.

(दृश्य: तो नळी धरून अँटेना केसभर डावीकडे वळवतो. खाली अंगणात एक मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली आहे. तो वरून विचारतो. ती पडद्याकडे बघते, हात उंचावते: अजून थोडं. तो आणखी थोडा वळवतो. तिचा हात खाली येतो. इथून पुढे निवेदन नाही. तो क्लॅम्प आवळतो, पाना खिशात टाकतो. मागच्या टाकीवर माकडं येऊन बसतात.)